कृपया काही व्यक्तींनी बाहेर पडावे

...नाही, पण मी म्हणतो, बाहेर पडायचं तरी कुठे? तुम्हीच सांगा! पाचवा मजला खाली राहिलाय, सहावा अजून यायचाय, मधे आपण लटकलोय, चारही बाजूंना काच, पायाखालीसुद्धा काच... हो हो, पायाखालीसुद्धा, ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली तो माणूस मला एकदा भेटायचाय... आणि अशा वेळी छतातून एक गोड आवाज येतो, 'वजन जास्त आहे. कृपया काही व्यक्तींनी बाहेर पडावे.' आणि तुम्हाला सांगतो, तो आवाज माझ्या बायकोचा. सख्ख्या बायकोचा! लिफ्टमधे भरायला आवाज हवा होता, बाहेरून कुणाला बोलवा, म्हणून तिचाच भरला होता आम्ही. आता तोच आवाज मला आकाशात उतरायला सांगत होता.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमचं डोकं माझ्यासारखं होईल. आमचा धंदा लिफ्टचा. लोखंडाचा आणि दोरखंडाचा नाही, ते काम दुसरे करतात. लिफ्टच्या डोक्यात जे चालतं ते आम्ही लिहितो. कुठे थांबायचं, दार कधी उघडायचं, ब्रेक कधी लावायचा. आम्ही म्हणजे घरचीच तीन माणसं. अप्पा, म्हणजे माझे वडील. मी. आणि बायको, ती आमच्या चुका शोधते. ऑफिसातल्या म्हणतोय मी, घरातल्या ती हौसेने शोधते.

आता लिफ्टचं डोकं लिहिणारा माणूस स्वतः लिफ्टमधे बसत नाही म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसा. पण ते दार सरकायला लागलं ना, की अचानक मला आठवतं की माणसाने जिना चढावा, तब्येतीला बरं असतं. सासुरवाडी सातव्या मजल्यावर आहे, लग्न झाल्यापासून जिन्याने जातोय, घामाघूम होऊन दारात उभा राहतो, सासूबाईंना वाटतं जावई किती ओढीने येतो. अप्पाही जिन्यानेच जातात, पण त्यांचं कारण निराळं. त्यांचे गुडघे. 'गुडघे चालते ठेवावे लागतात रे,' म्हणतात. आणि माझी पोरगी, पाच वर्षांची, ती कपाटावर चढून बसते आणि वरून उडी मारते. ती कुणावर गेलीय हा आमच्या घरात न सुटलेला प्रश्न आहे.

तर ही काचेची लिफ्ट. नव्या इमारतीची, बाहेरच्या भिंतीला चिकटून वर जाणारी. तिच्या चाचण्या मी घेतल्या. सगळ्या! कशा घेतल्या? खाली उभं राहून. रिकामी लिफ्ट वर पाठवायची, मधेच वीज घालवायची, पुन्हा आणायची, की लिफ्ट शहाण्यासारखी उठायची आणि खाली यायची. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकदासुद्धा चुकली नाही हो! बायको म्हणाली, आत माणसं असताना वीज घालवून बघायला हवी. अगदी बरोबर बोलली. मी म्हटलं, तू तर खाली कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर हवीस. मग अप्पा आणि मी एकमेकांकडे बघितलं, आणि तेवढ्यात त्यांना एक फोन करायचा आठवला आणि मला दुसरा.

आणि मग आला तपासनीस. लिफ्ट लोकांसाठी उघडायची तर ह्या माणसाने बरी आहे म्हणायला हवं. उंच, किडकिडीत, खांद्याला पिशवी, आणि बोलणं इतकं कमी की दोन वाक्यांच्या मधे आपल्याला आपली पापं आठवावीत. मी पुढे होऊन दार उघडून धरलं, म्हटलं, या, बसा, वर जाऊन या, आम्ही खाली आहोत. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'ज्यांनी लिहिली ते माझ्याबरोबर आत. नाहीतर मी वर जात नाही.' नियमच त्याचा! का, तर म्हणे, खाली उभे राहणारे फार बघितलेत. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा जिन्याकडे बघत होते. पण तपासनीस म्हणाला, 'दोघांनी लिहिलीय ना? मग दोघं.'

गेलो. काय करता? बायको खाली पडद्यासमोर बसली, आणि दार सरकलं. जमीन खाली जायला लागली. पायाखालून जायला लागली म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघितलं, काचेतून. रस्त्यावरची माणसं लहान झाली, झाडांचे शेंडे आले, मग तेही खाली गेले. मी समोरच्या काचेकडे पाठ फिरवली, तर मागेही काच! एका हाताने दांडी धरली, दुसऱ्या हातानेही तीच दांडी धरली. आणि पाचव्याच्या थोडं वर तपासनीस छताकडे तोंड करून शांतपणे म्हणतो कसा, 'आता वीज घालवा.'

गेली. लिफ्ट धाडकन थांबली. माझं हृदयही तिच्याबरोबर. अंधार नव्हता, काच ना, लख्ख ऊन, सगळं दिसत होतं, तेच वाईट होतं. 'आता आणा,' तो म्हणाला. आली. दिवे लागले, पंखा लागला, मी मनात म्हटलं, चला, आता ही उठेल आणि शहाण्यासारखी खाली जाईल. आणि आवाज आला. 'वजन जास्त आहे. कृपया काही व्यक्तींनी बाहेर पडावे.'

वजन जास्त? सहाशे किलोची लिफ्ट, आत तीन माणसं, त्यातला एक काटकुळा! तपासनीसाने विचारलं, 'हे नेहमी होतं का?' मी म्हटलं, नाही, छे, कधीच नाही. पण म्हणताना माझी बोबडी वळली होती, त्यामुळे ते त्याला कितपत कळलं माहीत नाही. अप्पा त्याला म्हणाले, तुम्ही ती पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवा, हलकं होईल. आणि त्याने ठेवली हो! तपासनीस माणूस, आयुष्य लिफ्टमधे गेलं त्याचं, पण त्या आवाजापुढे कुणाचं डोकं चालत नाही. पिशवी खाली, त्याच लिफ्टमधे, आणि आम्ही तिघं छताकडे बघतोय, आता काय म्हणते. 'वजन जास्त आहे. कृपया काही व्यक्तींनी...' मी अंग चोरून उभा राहिलो. श्वास आत घेतला, मग वाटलं हवेचंही वजन असेल, म्हणून सोडला.

बायकोला हाक मारली. तिचा आवाज त्याच छतातून येतो ना, आणि खरी बोलते तीही त्याच सुरात! ती म्हणाली, 'घाबरू नकोस.' मी म्हटलं, हे तू बोलतेयस की लिफ्ट? ती म्हणाली, 'मी. ब्रेक हाताने सोडणाऱ्या मिस्त्रीला फोन केलाय, पण तो गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.' मग म्हणाली, 'कृपया काही व्यक्तींनी बाहेर पडावे.' मी म्हटलं, अगं काय बोलतेस! ती म्हणाली, 'ती लिफ्ट होती.' तिने वीज पुन्हा घालवली, पुन्हा आणली. पुन्हा तेच. आणखी एकदा. तेच! दर खेपेला लिफ्टला हिसका बसायचा आणि माझा एक जन्म सरायचा.

मग ती म्हणाली, थांब, बघते. आणि तिने काय सांगितलं ते ऐका. 'पडद्यावर सगळं बरोबर आहे. मर्यादा सहाशे. वजन दोनशे दहा.' मग ब्रेक का लावलाय? 'कारण वीज आल्यावर लिफ्टने आपली तपासणी केली त्या क्षणी मर्यादा शून्य होती.' शून्य? मी सहाशे लिहिलेत! माझ्या हाताने! 'हो, आता सहाशेच दिसतंय. तेव्हा शून्य होतं.' म्हणजे, बघायला गेलं की सहाशे, बघत नसलो की शून्य. भुताटकी म्हणतात ती ह्याहून काय वेगळी असते? आणि ती चेष्टा करायला आम्ही पाचव्या आणि सहाव्याच्या मधे सापडलो!

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भीतीने कधीकधी पडतो. आधी बाप, मग पोर!

आता हे जरा नीट ऐका, मी घाईने सांगणार आहे कारण आठवलं की अजून घाम फुटतो. आम्ही कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत लिहितो तिला जावा म्हणतात, आणि तिच्यात बाप आणि पोर असतं. खरंच असतं, पदरचं सांगत नाही. अप्पांनी पूर्वी एक 'लिफ्ट' लिहिली, साधी, कुठलीही. तो बाप. मी तिच्यापासून 'काचेची लिफ्ट' काढली. ते पोर. बापाकडचं सगळं पोराला आयतं मिळतं, दार, ब्रेक, मजले मोजणं. पोराने आपलं वेगळं तेवढं लिहायचं. आणि वीज आली की दोघं नव्याने उभे राहतात. पण एकदम नाही. आधी बाप, मग पोर. बापाचं उभं राहणं पुरतं झाल्याशिवाय पोराच्या खोलीत साधी खुर्चीसुद्धा येत नाही. खोली असते, पण रिकामी. आकडा ठेवायची जागा असते, पण तिच्यात शून्य.

इथवर ठीक आहे. कुणाची तक्रार नाही. पण अप्पांच्या लिफ्टमधे 'तपासणी' म्हणून एक काम होतं, दार लागलं का, ब्रेक धरतो का. काचेच्या लिफ्टमधे वजनही बघायचं, म्हणून मी माझी 'तपासणी' लिहिली. नाव तेच. एकदा असं लिहिलं, की काचेच्या लिफ्टला कुणीही 'तपासणी' अशी हाक मारो, ओ देणार माझीच तपासणी. अप्पांची गप्प बसणार. ह्याला ओव्हरराइड करणं म्हणतात. घरात अप्पांसमोर ते मला उभ्या जन्मात जमलं नाही, तिथे एका ओळीत जमलं, म्हणून मी जरा खूश होतो.

आणि अप्पांनी काय करून ठेवलं होतं? बाप उभा राहता राहता, अजून पोराच्या खोलीत काडी आली नाही, आणि बापाने आतून हाक मारली, 'तपासणी!' ओ कुणी दिली? माझ्या पोराने. अर्धवट पोराने! त्याच्याजवळ अजून सहाशे आलेलेच नाहीत, खिशात शून्य, पण बापाने हाक मारलीय ना, धावलं बिचारं. वजन किती? दोनशे दहा. मर्यादा किती? शून्य. जास्त आहे! ब्रेक लावा! आणि ब्रेक लावून झाल्यावर मग सावकाश सहाशे आले, पडद्यावर जाऊन बसले, आणि माझी बायको म्हणते, सगळं बरोबर दिसतंय. आणि रिकाम्या लिफ्टला काय होणार? वजन शून्य, मर्यादा शून्य, जास्त कुठेय? पास! मी खाली उभा राहून जितक्या वेळा पास केली, तितक्या वेळा तिने हा शून्याचा हिशेब माझ्या नाकासमोर केला होता.

मी अप्पांना सांगितलं. ते खालच्या काचेकडे न बघता म्हणाले, माझ्या लिफ्टमधे चूक नाही, ती वर्षानुवर्षं चालतेय. मी म्हटलं, माझ्याही नाही. ते म्हणाले, मी माझ्या तपासणीला हाक मारली होती, तुझ्या तपासणीला कुणी बोलावलं? मी म्हटलं, अप्पा, तुम्ही ज्या नावाने हाक मारली त्या नावाला आता मी ओ देतो. ते म्हणाले, मग तयार होऊन द्यायची. मी म्हटलं, तुम्ही तयार होऊ दिलं तर! आणि हे भांडण कुजबुजत चाललं होतं बरं का, कारण मोठ्याने बोललं तर लिफ्ट हलेल असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. तपासनीस पिशवीशेजारी उभा राहून एकदा अप्पांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

तोडगा एकच होता. अप्पांच्या लिफ्टमधली ती हाक काढायची. बाप उभा राहू दे, पोर उभं राहू दे, सहाशे जागेवर बसू देत, आणि मग बाहेरून कुणीतरी म्हणावं, आता करा तपासणी. एवढंच. पण अप्पांच्या लिफ्टला हात लावायचा नाही, हा आमच्या ऑफिसातला पहिला कायदा. अप्पा म्हणाले, त्यापेक्षा तुझ्या तपासणीत लिही ना, मर्यादा शून्य असली तर वजन बघूच नको. बायको छतातून म्हणाली, 'अप्पा, मग वीज येताना आत हत्ती असला तरी पास होईल.' तपासनीसाने अप्पांकडे असं बघितलं की त्यांनी तो विषय सोडला. आणि मधे मधे ती लिफ्ट, 'कृपया काही व्यक्तींनी...'

बायको म्हणाली, 'अप्पा, ती ओळ काढू का?'

मी अप्पांकडे बघितलं. तोवर मी कुणाकडे बघतच नव्हतो हो, मला माझी दांडी आणि मी. बघतो तर अप्पांनीही दांडी धरलीय. दोन्ही हातांनी. बोटं पांढरी पडलीयत, कपाळावर घाम, आणि डोळे गच्च मिटलेले. मी हळूच विचारलं, अप्पा, गुडघे दुखतायत का? डोळे न उघडता म्हणाले, 'गुडघे कधीच दुखले नाहीत रे.'

काय सांगू तुम्हाला! सगळा जन्म मला वाटत आलं, ह्या एवढ्या खमक्या माणसाच्या पोटी माझ्यासारखा भित्रा कुठून आला. नाक त्यांचं मिळालं, कान त्यांचे मिळाले, आवाज मिळाला, फक्त छाती तेवढी मिळाली नाही. आणि इथे कळतं, ही भीतीसुद्धा तिथूनच आली! मी भ्यायच्या आधी ते भ्याले होते. त्यांनीही त्यांची लिफ्ट खाली उभं राहून, रिकामीच पास केली असणार, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आधी बाप, मग पोर. मी एक हात दांडीवरून सोडला... कसा सोडला मला विचारू नका... आणि त्यांच्या हातावर ठेवला. आयुष्यात इतके जवळचे ते मला कधी वाटले नव्हते. त्यांनी तो हात असा काही धरला की अजून दुखतो.

मग म्हणाले, 'काढ ती ओळ.' आणि वर, 'तयार नसलेल्या पोराला हाक मारू नये, हे मलाही कळायला हवं होतं.' मी म्हटलं, आपण लिफ्टबद्दल बोलतोय ना अप्पा? ते म्हणाले, 'गप्प बस.'

बायकोने खाली ओळ काढली, हाक बाहेर नेली, आणि म्हणाली, आता पुन्हा वीज घालवावी लागेल. नव्याने उभं राहायचं तर दुसरा उपाय नाही. गेली. पंखा थांबला. आम्ही दोघांनी डोळे मिटले. मी मनात मोजत होतो... आता बाप उभा राहतोय... आता गप्प बसला, हाक मारली नाही, शाबास... आता पोर... सहाशे आले का? आले असतील का? आणि वरून आवाज आला, 'तपासणी पूर्ण.' ही लिफ्ट की बायको मला कळलं नाही, पण जी कुणी होती तिच्यावर मी जीव ओवाळून टाकला. ब्रेक सुटला, जीव भांड्यात पडला, आणि मी म्हटलं, चला, खाली. तर तपासनीस खाली वाकून पिशवी उचलतो, खांद्याला लावतो आणि म्हणतो, 'वर.' शेवटच्या मजल्यापर्यंत! तिथे त्याने वीज पुन्हा घालवली, पुन्हा आणली, खातरजमा. मग म्हणाला, 'आता बरी आहे.' आणि तो लिफ्टने खाली गेला. आम्ही दोघं जिन्याने उतरलो, हात धरून, आणि अप्पांचे गुडघे खरंच चांगले आहेत, माझ्या पुढे होते.

तुम्हाला वाटलं, संपलं. मलाही वाटलं होतं! पण लिफ्ट सगळ्यांना खुली झाली त्या दिवशी बायको पोरगीला घेऊन आली. म्हणाली, आई छतातून बोलते ते तिला ऐकायचंय. मी लांबच उभा होतो, अप्पांच्या शेजारी, जिन्याजवळ. मी म्हटलं, बाळा, लिफ्टमधे जायचं नसतं, आपल्या घरात कुणी जात नाही, आपण जिन्याने जातो. मी म्हणालो ते वाक्य, तुम्हाला सांगतो, शब्दाला शब्द अप्पांचं होतं. मी एवढासा असताना ह्याच सुरात त्यांनी मला सांगितलेलं. आणि पोरीने काय केलं? आमच्या दोन पिढ्यांकडे बघितलं, 'हो' म्हणाली, आणि पळत जाऊन लिफ्टमधे शिरली. सगळ्यात वरचं बटण दाबलं, चवड्यांवर उभी राहून. मग त्या काचेच्या जमिनीवर पालथी पडली, नाक काचेला लावलं, आणि ओरडली, 'बाबा, या ना, सगळं दिसतंय!'

ओव्हरराइड. दुसरं काय म्हणणार? हाक तीच, घरातली जुनी, आणि उत्तर सगळं तिचं स्वतःचं. दार सरकायला लागलं. एकटं पोर आत. जिना तब्येतीला बरा हे अगदी वेळेवर आठवलं, आणि तरी मी पळालो हो, शिरलो आत, दांडी धरली, दोन्ही हातांनी. छतातून बायको म्हणाली, 'तपासणी पूर्ण.' जमीन खाली गेली, झाडं खाली गेली, अप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर दिसले, वर बघत, हळूहळू लहान होणारे. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच उलटं झालं. आधी पोर, मग बाप.

वर पोचलो. दार उघडलं. मी डोळे मिटूनच म्हटलं, चल बाळा, आता जिन्याने खाली जाऊ. ती म्हणाली, 'आता खाली, आणि मग परत वर, आजोबांना आणायला.' 

काय करता... दांडी सोडलीच नव्हती.